‘बाल्टी’ : बर्मिंगहॅममधील पाकिस्तानी भोजनाच्या इतिहासाचे एक प्रकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्लंडच्या मध्यभागातील बर्मिंगहॅम शहरात लेडीपूल रोड, स्टोनी लेन आणि स्ट्रॅटफर्ड रोड या तीन रस्त्यांच्या आसपास पसरलेला एक भाग आहे. स्पार्कब्रुक व बॉल्सल हीथ या जुन्या कामगारवस्त्या त्यातच येतात. गेली काही दशके या भागाला ‘बाल्टी त्रिकोण’ असे म्हणतात. हे नाव कोणा नगररचनाकाराने दिलेले नाही. तेथील भोजनगृहांनी ते मिळविलेले आहे. भरभराटीच्या काळात या भोजनगृहांतील भोजनाचा थाट ठरलेला असे. टेबलावरील काचेखाली पदार्थांची यादी दाबून ठेवलेली असावयाची. गिऱ्हाइकाने ती वाचून मागणी सांगावी, आणि थोड्याच वेळात दोन कानांचे, सपाट बुडाचे, पातळ पोलादी भांडे चरचरत त्याच्या पुढ्यात यावे. पदार्थ ज्या भांड्यात शिजला त्याच भांड्यात तो वाढला जाई. सोबत भात नसे, नान असे. आणि ती कधीकधी एवढी मोठी असे की चौघांनी चार बाजूंनी तोडून खावी. काट्याचमच्याची अपेक्षा नसे. मालक बहुधा मुसलमान असल्यामुळे मद्यविक्री नसे, परंतु गिऱ्हाइकाने स्वतःची बाटली बरोबर आणल्यास अनेक ठिकाणी हरकतही घेतली जात नसे. या पदार्थाला आणि त्या भांड्यालाही ‘बाल्टी’ हे एकच नाव आहे.

हा पदार्थ मूळचा कोठला, आणि त्याला हे नाव कसे पडले, असे दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. त्यांना मिळालेली लोकप्रिय उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. एका मताप्रमाणे ही पाककृती काराकोरमच्या कुशीतील बाल्टिस्तानातून आली. दुसऱ्या मताप्रमाणे ती १९७० च्या दशकात बर्मिंगहॅममध्येच जन्मास आली. पहिल्या मतात श्रेय दूरच्या पर्वताला जाते, दुसऱ्यात यजमान शहराला. ज्या माणसांनी ते भांडे चुलीवर चढविले त्यांचा इतिहास या दोन्ही उत्तरांतून निसटतो. तो इतिहास शोधण्याचे एक साधन म्हणून ‘बाल्टी’ या शब्दाकडे पाहता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. शब्दाचा मार्ग

बाल्टी म्हणजे पाणी भरण्याचे वा वाहण्याचे भांडे, हा अर्थ हिंदी व उर्दू भाषिकांना परिचित आहे. हा शब्द मूळचा भारतीय नव्हे. पोर्तुगीज ‘बाल्द’ या शब्दापासून तो आला, असे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या प्रसिद्ध आंग्लभारतीय कोशात नोंदलेले आहे. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा संग्रह करणारे गोमंतकीय पंडित सेबास्त्यांव रोदोल्फु दाल्गादु यांनीही आपल्या १९१३ सालच्या ग्रंथात या शब्दाची दखल घेतली आहे. मराठी वाचकास याचा पुरावा घरातच सापडतो. कोंकणीत बाल्दी, गुजरातीत बालदी, मराठीत बालदी व तीतच वर्णविपर्यय होऊन झालेली बादली, ही सर्व रूपे एकाच घराण्यातील आहेत. पश्चिम किनाऱ्यावर मूळचा दकार टिकला. हिंदी-उर्दूच्या प्रदेशात त्याच्या जागी टकार आला. बंगालीत तो ‘बालति’ असा दन्त्य तकार झाला. बंदरावर उतरलेला शब्द देशाच्या अंतर्भागात शिरताना कसा बदलत गेला, हे या रूपांच्या मांडणीवरून सहज ध्यानात येते.

आता बाल्टिस्तानच्या मताचा विचार करू. बाल्टिस्तान हा स्कर्दूच्या परिसरातील प्रदेश. तेथील लोकांना आणि त्यांच्या भाषेला जे नाव आहे ते उर्दूत ‘बल्ती’ असे लिहिले व उच्चारले जाते. त्यात पहिला स्वर ऱ्हस्व आणि तकार दन्त्य आहे. भांडेवाचक ‘बाल्टी’ शब्दात स्वर दीर्घ आणि टकार मूर्धन्य आहे. देवनागरीत वा उर्दू लिपीत हे दोन शब्द लिहिणाऱ्याचा गोंधळ होणे अवघड. परंतु रोमन लिपीत दोहोंचे लेखन तंतोतंत सारखे होते. म्हणजे ज्या समीकरणावर हे मत उभे आहे, ते केवळ इंग्रजी पाटीवर आणि इंग्रजी पाकपुस्तकातच संभवते. दुसरी गोष्ट अशी की बल्ती ही तिबेटी कुळातील भाषा आहे, तर बर्मिंगहॅममधील बहुसंख्य पाकिस्तानी कुटुंबांची घरची भाषा पहाडी-पोठवारी ही आर्यभारतीय भाषा आहे. ही कुटुंबे स्कर्दूहून आलेली नाहीत. ती मुख्यतः मिरपूर जिल्ह्यातून, म्हणजे हिमालयाच्या दक्षिण पायथ्यातून आलेली आहेत. तेव्हा बाल्टिस्तानाशी जोडलेला संबंध हा लोकव्युत्पत्तीचा एक सुबक नमुना समजावा. १९९० च्या दशकात निघालेल्या काही इंग्रजी पाकपुस्तकांनी त्याचा प्रसार केला. बर्फाच्छादित शिखरांवरून आलेला पदार्थ हा बंदरावरून आलेल्या बादलीपेक्षा वाचकास अधिक मोहक वाटावा, यात नवल नाही.

तथापि बादलीची व्युत्पत्ती मान्य केल्यानेही सर्व शंका फिटत नाहीत. बादलीत कोणी रांधीत नाही. बर्मिंगहॅमचे हे भांडे वस्तुतः कराही, म्हणजे आपली कढई होय. संस्कृत ‘कटाह’, प्राकृत ‘कडाह’, त्यापासून हिंदी ‘कड़ाही’, उर्दू ‘कराही’ आणि मराठी ‘कढई’ अशी तिची सरळ परंपरा आहे. मग कढईला बादली का म्हटले गेले? इंग्रज गिऱ्हाइकास ‘कराही’तील मूर्धन्य उच्चार साधेना म्हणून सोपा शब्द घेतला, अशी एक हकीकत व्यवसायात सांगितली जाते. लग्नकार्यात व पंगतीत बादलीतून अन्न वाढण्याची उत्तर भारतीय चाल हेही एक कारण सुचविले जाते. महाराष्ट्रातील पंगतीत आमटीची बादली व पळी घेऊन फिरणारा वाढपी ज्याने पाहिला आहे, त्याला हे दुसरे कारण अगदीच अशक्य वाटणार नाही. यांपैकी कोणते कारण खरे, याचा निर्णय लिखित पुराव्यावरून होत नाही. भांड्याचे नाव लक्षणेने पदार्थास लागणे ही मात्र उपखंडातील जुनी रीत आहे. हंडी, कढाई, तवा ही नावे भोजनगृहांच्या याद्यांत आजही पदार्थांची नावे म्हणून येतात. बर्मिंगहॅमच्या व्यावसायिकांनी नवे नाव दिले, परंतु नाव देण्याची पद्धत घरचीच वापरली.

३. बोटी, बंदर आणि धरण

शब्दाच्या या मार्गात बंदर येते, ते केवळ व्युत्पत्तीपुरते नव्हे. ज्या माणसांनी हा शब्द बर्मिंगहॅमला नेला, त्यांचा मार्गही प्रथम बंदरांकडेच गेला होता. मिरपूरच्या परिसरातील अनेक कुटुंबे एकेकाळी झेलम नदीवरील नौकाव्यवसायावर जगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबात लोहमार्ग आला आणि नदीवरील वाहतूक मोडली. मानवशास्त्रज्ञ रॉजर बॅलर्ड यांनी दाखविल्याप्रमाणे, बेकार झालेल्या या नावाड्यांपैकी काही जण मुंबई व कराचीकडे वळले आणि आगबोटींच्या भट्ट्यांवर कोळसा ओढण्याच्या कामास लागले. ते काम अत्यंत कष्टाचे व उष्णतेचे होते आणि गोरे खलाशी ते टाळीत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कामाची विभागणी बहुधा प्रदेशावर ठरे. सलूनमधील वाढपी व आचारी गोमंतकीय, डेकवरील खलाशी कोंकण-गुजरातच्या किनाऱ्यावरील आणि इंजिनखोलीतील आगवाले पंजाब, मिरपूर व सरहद्दीकडील. सारंग, तांडेल, आगवाला आणि खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी हे शब्द या मिश्र समाजाच्या बोलीत रुळलेले होते. त्या बोलीत पोर्तुगीज शब्दांचाही भरणा मोठा होता. मराठी प्रदेशाचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथे. मुंबईच्या गोदीत गोव्याचा आचारी, रत्नागिरीचा खलाशी आणि मिरपूरचा आगवाला एकाच बोटीवर चढत होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यांपैकी काही जण बोटी सोडून इंग्लंडमधील कारखान्यांत शिरले. संख्येने लहान असलेल्या या मंडळींनी पुढे येणाऱ्यांसाठी वाट तयार केली. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांस इंग्लंडमध्ये प्रवेश मोकळा होता, आणि युद्धोत्तर उद्योगांना मनुष्यबळ हवे होते. बर्मिंगहॅमच्या ओतशाळा, धातुकामाचे कारखाने आणि मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या गिरण्या रात्रपाळीसाठी माणसे शोधीतच होत्या.

१९६० च्या सिंधू पाणीवाटप करारानंतर झेलमवर मंगला येथे धरण बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. ते १९६७ मध्ये पूर्ण झाले. जुने मिरपूर शहर आणि आसपासची शेकडो गावे पाण्याखाली गेली; एक लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. त्यांतील अनेकांनी नुकसानभरपाईची रक्कम इंग्लंडच्या तिकिटासाठी खर्च केली. त्याच सुमारास १९६२ च्या राष्ट्रकुल आगंतुक कायद्याने प्रवेशावर परवान्यांचे बंधन घातले. बंधन लागू होण्यापूर्वी पोहोचण्याची घाई झाली. पूर्वी काही वर्षे काम करून परत जाणारा पुरुष आता, गेल्यास पुन्हा येता येणार नाही या भीतीने, राहू लागला. आणि क्रमाने बायकामुलांस बोलावू लागला. गर्दी थोपविण्यासाठी केलेल्या कायद्याने तात्पुरत्या मुक्कामाचे कायमच्या वस्तीत रूपांतर केले, हा या कालखंडातील लक्षात घेण्याजोगा विरोधाभास होय.

४. खोलीतील चूल आणि रस्त्यावरील भोजनगृह

स्पार्कब्रुकमधील या वस्तीचे वर्णन जॉन रेक्स व रॉबर्ट मूर या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. नगरपालिकेची घरे मिळण्यास पाच वर्षांच्या वास्तव्याची अट होती. नेहमीच्या पद्धतीचे गृहकर्ज आगंतुकास मिळणे कठीण होते. तेव्हा मोडकळीस आलेली मोठी घरे महागड्या कर्जावर घेऊन त्यांतील खोल्या भाड्याने देण्याचा मार्ग काहींनी पत्करला. एकेका घरात अनेक पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे व पाळीप्रमाणे रांधणारे, अशी ती वस्ती होती. घरी चुलीजवळ कधी न गेलेले पुरुष येथे कांदा चिरण्यास शिकले. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठी खाणावळी उभ्या राहिल्या होत्या. तेथे रांधणाऱ्या बहुधा स्त्रिया होत्या. स्पार्कब्रुकमध्ये स्त्रियाच नव्हत्या, एवढा भेद ध्यानात ठेवल्यास दोन्ही ठिकाणची गरज एकच दिसते. हलाल मांस विकणारे खाटीक, मसाले व पीठ विकणारी दुकाने आणि कामगारांसाठी उघडलेली साधी चहा-जेवणाची ठिकाणे याच गरजेतून निघाली.

या भोजनाकडे शेजारी कोणत्या दृष्टीने पाहत, हेही नमूद करणे प्राप्त आहे. आगंतुकांविरुद्धच्या तक्रारींत स्वयंपाकाच्या वासाची तक्रार नेहमीची होती. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिक मतदारसंघात १९६४ ची निवडणूक उघड वर्णद्वेषी प्रचारावर गाजली. ईनक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी केलेले कुप्रसिद्ध भाषणही बर्मिंगहॅममध्येच झाले. ज्या वासाबद्दल नाके मुरडली जात होती, त्याच वासाच्या शोधात पुढील पंधरा-वीस वर्षांत शहराच्या अन्य भागांतील गोरे लोक याच रस्त्यांवर रांगा लावू लागले. हे परिवर्तन आपोआप घडले नाही.

त्याचे एक कारण आर्थिक आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बर्मिंगहॅमचे कारखाने आकुंचित होऊ लागले. आगंतुक कामगारांवर त्याचा आघात प्रथम व अधिक झाला. नोकरी गमावलेल्यांनी आणि नोकरी न मिळणाऱ्या त्यांच्या मुलांनी टॅक्सी, किराणा आणि भोजनगृहे यांचा आश्रय घेतला. स्टोनी लेनवरील ‘आदिल्स’ या भोजनगृहाने आपण ‘बाल्टी’ प्रथम वाढल्याचा दावा केला. त्यासाठी बहुधा १९७७ हे साल सांगितले जाते. प्रथम कोण, हा वाद येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की पाचदहा वर्षांत एकाच परिसरातील अनेक भोजनगृहे एकाच पद्धतीने रांधू व वाढू लागली.

ती पद्धत काय होती? उपखंडात कढईतले गोश्त सामान्यतः हाडांसह आणि सावकाश शिजते. बर्मिंगहॅममध्ये मांस हाडांवेगळे करून, लहान तुकड्यांत, वनस्पती तेलात, प्रखर आचेवर झटपट परतण्यात येऊ लागले. कांद्याचा आधी शिजवून ठेवलेला रस्सा हाताशी असे. त्यात आले, लसूण, टोमॅटो, ढोबळी मिरची, मसाला आणि शेवटी कोथिंबीर पडे. पातळ पत्र्यामुळे भांडे लवकर तापे. तेच टेबलावर गेल्यामुळे दुसरे भांडे घासावे लागत नसे. हाडे काढणे ही इंग्रज गिऱ्हाइकाच्या सवयीशी केलेली तडजोड, तर नानने खाणे ही गिऱ्हाइकाने मालकाच्या सवयीशी केलेली तडजोड. पाश्चात्त्य पद्धतीच्या जेवणात प्रत्येकाचे ताट वेगळे असते. येथे एका नानला चार हात लागत. स्वस्त दर, मद्याचा वेगळा आकार नाही, आणि हाताने खाण्याची मोकळीक, यांमुळे विद्यार्थी व कामगार प्रथम आले; त्यांच्या मागून इतर आले.

भांड्याविषयी आणखी एक गोष्ट. दाबलेल्या पोलादी पत्र्याची ही भांडी बर्मिंगहॅममध्येच तयार होत असत. पत्रा दाबून वस्तू घडविणे हा त्या शहराचा जुना उद्योग. त्या उद्योगाच्या यंत्रांवर ज्यांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांच्याच पिढीने त्या पत्र्याची कढई चुलीवर चढविली. या अर्थी ‘बाल्टी’ बर्मिंगहॅमची आहे हे म्हणणे खरे आहे; परंतु शहराने ती निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा शहराच्या कामगारांनी ती निर्माण केली असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

५. यादीवरील नावे आणि घरची भाषा

येथवर ‘पाकिस्तानी भोजन’ हा शब्दप्रयोग सोयीसाठी वापरला. तो बराच सैल आहे. इंग्लंडमधील ‘इंडियन’ भोजनगृहांपैकी मोठा भाग सिल्हेटहून आलेल्या, म्हणजे १९४७ पर्यंत भारतीय, १९७१ पर्यंत पाकिस्तानी व नंतर बांगलादेशी ठरलेल्या लोकांनी चालविला. मिरपूर १९४७ पूर्वी जम्मू-काश्मीर संस्थानात होते आणि १९४७-४८ च्या युद्धापासून पाकिस्तानच्या ताब्यात आहे. तेथून आलेले अनेक जण स्वतःस काश्मिरी म्हणवितात. परंतु त्यांची बोली व आहार श्रीनगरच्या खोऱ्यापेक्षा पोठोहारच्या पठाराला जवळचा आहे. भोजनगृहाच्या यादीवर मात्र ‘काश्मिरी’ म्हणजे फळे घातलेला गोडसर पदार्थ असा संकेत रूढ झाला. केळी वा लिची घातलेली ही ‘काश्मिरी’ करी स्वतः काश्मिरी म्हणविणाऱ्या आचाऱ्याने रांधावी, असा प्रसंग तेथे रोजचाच होता. खोबरे व मनुका भरलेल्या नानला तेथे ‘पेशवारी’ म्हणतात. हे पेशावरचे इंग्रजी मुखात झालेले रूप आहे. मराठी वाचकाने त्यात पेशव्यांचा संबंध शोधू नये.

स्थलवाचक नावांचा हा व्यवहार पाहिल्यावर एक उणीव जाणवते. यादीवरील शब्द इंग्रजी आणि उर्दूचे आहेत. आचाऱ्याच्या मातृभाषेचा, पहाडी-पोठवारीचा, त्यावर मागमूस नाही. ही भाषा घरात बोलली जाते, परंतु शाळेत, मशिदीत व पाटीवर उर्दूला मान असल्यामुळे तिचे बोलणारेही पुष्कळदा तिला केवळ बोली समजून गौण लेखतात. भाषेची जी गत तीच आहाराची. घरी शिजणारी डाळ, साग, मक्याची रोटी, हाडांसह शिजलेले सालन यांना भोजनगृहाच्या यादीवर दीर्घकाळ स्थान नव्हते. घरी रांधणाऱ्या स्त्रिया आणि भोजनगृहात रांधणारे पुरुष यांच्या पाककला समांतर चालत राहिल्या. गिऱ्हाइकास जो ‘अस्सल’ पदार्थ वाटला, तो आचाऱ्याच्या घरी सहसा होत नव्हता.

गेल्या दोन-तीन दशकांत या स्थितीत बदल झाला आहे. नवी भोजनगृहे ‘बाल्टी’ऐवजी ‘कराही’ हा शब्द पुन्हा वापरू लागली आहेत. हाडांसह गोश्त, पाये, हलीम, नहारी, चपली कबाब, गुलाबी काश्मिरी चहा ही नावे पाटीवर आली. त्यांची गिऱ्हाइके मुख्यतः इंग्लंडमध्येच जन्मलेली पाकिस्तानी वंशाची तरुण पिढी आहे. तिला घरचा पदार्थ बाहेर बसून खाण्याची आर्थिक ऐपत आली. यांपैकी ‘नहारी’ शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. अरबी ‘नहार’ म्हणजे दिवस. सकाळी खावयाचा म्हणून हा पदार्थ नहारी. दिल्लीतील ही न्याहारी १९४७ नंतर मुहाजिरांबरोबर कराचीस गेली, आणि कराचीहून बर्मिंगहॅमला. मराठी ‘न्याहारी’ हा शब्दही याच कुळातला. तसेच कराचीत तयार होणारा ‘बॉम्बे बिर्याणी’ या नावाचा मसाला इंग्लंडमधील पाकिस्तानी किराणा दुकानांत विकला जातो. मुंबईचे नाव कराचीच्या खोक्यावर बसून बर्मिंगहॅमच्या फळीवर विराजमान व्हावे, यात कोणास विसंगती वाटेल. परंतु अन्नाच्या नावांनी फाळणीची रेषा कधीच पाळलेली नाही.

६. मालकीचा प्रश्न

२०१२ च्या सुमारास बर्मिंगहॅममधील भोजनगृहांच्या संघटनेने ‘बर्मिंगहॅम बाल्टी’ या नावास युरोपीय संघाचा पारंपरिक विशेष पदार्थाचा दर्जा मिळावा असा अर्ज केला. भांडे कोणते, तेल कोणते, आच कशी, वाढणी कशी, हे त्यात नियमबद्ध करण्याचा प्रयत्न होता. तो दर्जा मिळाला नाही; पुढे २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातूनच बाहेर पडले. ग्लासगोतील पाकिस्तानी वंशाच्या एका भोजनगृहमालकाने ‘चिकन टिक्का मसाला’ आपण शोधल्याचा दावा केला होता, आणि २००९ मध्ये त्या पदार्थासाठीही असाच प्रयत्न झाला. तोही फळास आला नाही. याच पदार्थाला २००१ साली ब्रिटिश परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हणून गौरविले होते. भाषणात पदार्थ राष्ट्राचा होतो. कायद्यात तो कोणाचाच ठरत नाही.

या प्रयत्नांमागील भावना समजण्यासारखी आहे. दुसऱ्या शहरांतील उपाहारगृहांनी आणि कारखान्यांनी ‘बाल्टी’ हे नाव कोणत्याही रश्श्यास लावले, आणि नावामागचे भांडेच नाहीसे झाले. अर्थसंकोच व अर्थविस्तार भाषेत नित्य घडतात; परंतु शब्दाचा अर्थ विस्तारला तर कोणाचे पोट बुडत नाही, पदार्थाचा विस्तारला तर बुडते. १९९० च्या दशकाच्या मानाने बाल्टी त्रिकोणातील जुन्या पद्धतीची भोजनगृहे आज फारच थोडी उरली आहेत. मालकांची मुले शिकली. रात्री दोनपर्यंत चुलीपुढे उभे राहण्याची त्यांना इच्छा नाही, आणि ती असावी अशी आईबापांचीही अपेक्षा नव्हती. या ऱ्हासाकडे पाहताना हळहळणाऱ्या गिऱ्हाइकाने एवढे ध्यानात घेतले पाहिजे की त्याला जी परंपरा वाटते, ती मालकाला नोकरी गेल्यामुळे पत्करावा लागलेला व्यवसाय होता.

२०२१ च्या जनगणनेप्रमाणे बर्मिंगहॅमची लोकसंख्या सुमारे ११ लाख ४५ हजार असून त्यांत पाकिस्तानी वंशाचे लोक सुमारे १७ टक्के आहेत. अशा शहरास बहुसांस्कृतिक म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्याच्या स्तुतीत भोजनाचा उल्लेख हटकून येतो. ती स्तुती खोटी नाही. ज्या टेबलावर परके लोक एका नानला हात लावतात, तेथे काही अंतर खरोखर कमी होते. १९६८ च्या बर्मिंगहॅमशी तुलना करता हे थोडे नव्हे. परंतु पदार्थाची रुची घेणे आणि रांधणाऱ्याची ओळख करून घेणे या दोन क्रिया भिन्न आहेत. पहिली दुसरीवाचून वर्षानुवर्षे चालू शकते, हे बाल्टिस्तानच्या दंतकथेच्या दीर्घायुष्यावरून सिद्ध होते. ज्याने आचाऱ्यास त्याचे गाव एकदा विचारले असते, त्याला पाण्याखाली गेलेल्या मिरपूरचे नाव कळले असते.

सारांश, ‘बाल्टी’ या शब्दाने सूचित होणारा इतिहास पर्वतावरून खाली येत नाही. तो पोर्तुगीज गलबतांवरून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून हिंदुस्थानी भाषेत, आणि त्या भाषेबरोबर आगबोटी, कारखाने व भाड्याच्या खोल्या यांतून बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर येतो. या प्रवासातील शेवटच्या टप्प्याचे साक्षीदार अद्याप हयात आहेत. १९६० व १९७० च्या दशकांत ज्यांनी खोल्यांतून व भोजनगृहांतून प्रथम रांधले, ते आज अतिवृद्ध आहेत. त्यांच्या आठवणी, आणि त्यांच्या घरांतील स्त्रियांच्याही, त्यांच्याच पहाडी भाषेत ध्वनिमुद्रित करून, चुलीपाशी वापरल्या जाणाऱ्या शब्दांसह नोंदविणे हे भाषाशास्त्र व इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांचे तातडीचे काम आहे. कढईला बादली प्रथम कोणी व का म्हटले, या प्रश्नाचे उत्तर कोशांत नाही. ते मिळाले तर या वृद्धांच्या बोलण्यातच मिळेल.